बारीक अक्षरं

मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, बर्फाच्या कारखान्यासमोर,
जाळी विकणाऱ्या फणसोपकरांच्या माळ्यावर
माझा वर्ग भरतो. अकरा मुलं, एक पंखा,
आणि कडी मोडलेल्या चामडी बॅगेत
सव्वीस वर्षांची सॅम्पलं.
मुदत संपलेली. शिकवायला चालतात.

मी सांगते, गोळी म्हणजे नुसतं औषध नव्हे.
औषध चिमटीएवढं, बाकी स्टार्च,
बोटांत धरता यावी म्हणून.
आणि हिच्यावरचं हे कवच पोटात विरघळत नाही,
आतड्यात पोचेपर्यंत तोंड मिटून बसतं.
म्हणून ही तोडायची नाही.
मागून कुणीतरी म्हणतं,
"आमचा आजा अर्धीच घेतो, बाई. अर्धी उद्याला ठेवतो."
ते मी माझ्या वहीत लिहून घेते. पुस्तकात नाही ते.

अर्धायुकाल मला कधीच धड शिकवता आला नाही.
आलेख काढला, सूत्र लिहिलं, अकरा चेहरे कोरे.
मग तन्वीर होडेकर उठला, त्याचा बाप जेटीवर लिलाव पुकारतो:
"सकाळी सातला बांगडा दोनशे. नऊला शंभर.
अकराला पन्नास. एकला पंचवीस.
शून्य कधी होत नाय, बाई,
पण मग मांजराशिवाय कोण घेत नाय."
त्या दिवसापासून मी फळ्यावर बांगडा काढते.

दुपारी सराव. मी डॉक्टर होते,
म्हणजे खुर्चीत बसते, वर बघत नाही,
खोट्या पेशंटच्या खोट्या कागदावर सह्या करते.
दीड मिनिट मिळतं. त्यात बॅग उघडायची, नाव सांगायचं,
चित्रावर पेनाचं टोक फिरवायचं. बोट नाही, बोट घामेजतं.
परशुराम घाटात उलटी झाली असली
तरी खेडच्या डॉक्टरला ती कळता कामा नये.

दर्शना शिवलकर आज उभी राहिली.
रक्तदाबाची गोळी, पांढरी, लंबगोल.
कुणाला द्यायची, कुणाला नाही, दिवसातून किती वेळा,
काटे वेगळे करून ठेवावेत तसं एकेक मांडत गेली.
मग पाकिटातली घडी उलगडली,
मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांची,
आणि सवयीनं वाचू लागली.
चक्कर. थकवा. कोरडा खोकला.
तिथं थांबली.

"बाई, आईला नारळी पुनवेपासून खोकला हाय.
अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं,
छातीचा फोटो काढला, त्यात काय नाय.
रात्री भिंतीला टेकून बसते.
गोळी हीच."

पंखा फिरत राहिला.
सात वर्षं मी हीच गोळी विकली,
राजापूर ते खेड, एसटीच्या खिडकीशी बॅग मांडीवर घेऊन.
एका मार्चअखेरीस तिच्यावर प्रेशर कुकर मिळाला.
अजून शिटी देतो.
दीड मिनिटात ती ओळ बसत नव्हती.
खोटं मी कधी बोलले नाही.
नुसतं पान उलटायचे.

हे मुलांना सांगायला हवं होतं.
त्याऐवजी म्हटलं, "गोळी मनानं बंद करायची नाही.
उद्या डॉक्टरांकडे ने, हा कागद ने,
खोकला कधीपासून ते तारखेनिशी सांग.
दुसऱ्या गटातल्या गोळ्या असतात."
सगळं बरोबर होतं.
आवाज तेवढा बॅग उघडतानाचा लागला.

दर्शना जिन्यात गेली.
खाली बर्फाच्या लाद्या फुटत होत्या,
टेम्पो मागं घेताना कुणी "येऊ दे, येऊ दे" ओरडत होतं,
तिनं फोन स्पीकरवर टाकला असावा,
कारण आम्हा सगळ्यांना ऐकू आलं:
आधी खोकला,
बराच वेळ,
मग, "हां, बोल गो."