चार ए

हेल्टरमाची शेवटची बोट वाऱ्यानं रद्द झाली
म्हणून अन्नेली आज माझ्याच सोफ्यावर,
मोजे न काढता.
आणि मी स्वयंपाकघरात, काळ्या खिडकीसमोर.
तिच्यात एक पांढरी रेघ लुकलुकते:
बोल, काय म्हणतेस?

म्हणते, की बेटावरच्या होड्यांचे फोटो ठेवायचेत.
एक हजार सातशे बारा.
कुणा बड्या कंपनीच्या दारात नकोत,
आपल्या कपाटात हवेत.
(कपाट भाड्याचं आहे, महिना पाच युरो,
समुद्रापलीकडे हेलसिंकीत कुठंतरी.
एन्डेल असता तर हे लगेच बोलून दाखवलं असतं.)

आधी डेटाबेस रुसला.
पासवर्डाच्या मधोमध मी एक # घातला होता, हौसेनं.
त्यापुढचं सगळं त्यानं
शेरा समजून सोडून दिलं.
मग फोल्डर. मीच बनवलेला,
पण मालक भलताच.
मग पाचशे दोन, पाचशे दोन, पाचशे दोन,
शेवटी एका ओळीतली रिकामी जागा सापडली,
टॅब दाबून दिलेली.
बोटाच्या एका टेकण्यानं
सव्वा तास खाल्ला.

पान उघडलं. निळं, रिकामं, माझं.
फक्त वर कुलूप नव्हतं.
"सुरक्षित नाही," ब्राउझर म्हणाला.

प्रमाणपत्र मागितलं. नाही.
पुन्हा मागितलं. नाही.
मी फायरवॉलवर आळ घेतला,
ती पार बंदच करून टाकली.
चोर सोडून संन्याशाला फाशी.
पाचव्या नकारानंतर उत्तर आलं:
फार वेळा विचारलंस, आता तासाभरानं ये.

तासभर काय करायचं?
राईच्या पावाला लोणी लावलं.
फायरवॉल परत सुरू केली, मनातल्या मनात माफी मागून.
खिडकीची काच वाऱ्यानं थडथडत होती.

"विवे," सोफ्यावरून आवाज आला,
"तुझ्या होड्या छान आहेत गं,
पण यांना दात का आहेत?"

तिच्या फोनवर माझ्याच नावाखाली
एक दंतवैद्य हसत होता.
पोर्तुगीजमध्ये. पहिली तपासणी मोफत.

माझ्या लॅपटॉपवर निळं पान.
तिच्या फोनवर दात.
एकच नाव, दोन घरं.

मग नोंदींचं पान उघडलं, जे आधीच उघडायला हवं होतं.
एक पत्ता आखूड, आकड्यांचा,
परवा मीच लिहिलेला.
त्याखाली दुसरा, लांबलचक,
आकडे, अक्षरं आणि विसर्गासारखे ठिपके,
आणि अलीकडे ओळीनं चार ए.
सात वर्षांपूर्वीचा.
शेऱ्याच्या रकान्यात:
हात लावू नये. एन्डेल.

माझ्या घरची जुनी तार
लांब पत्ता वाचूच शकत नाही.
अन्नेलीचा फोन आधी तोच वाचतो.
प्रमाणपत्रवालेही आधी तिथंच गेले,
पाचही वेळा,
आणि दंतवैद्याला विचारून आले,
विवे इथंच राहते का?

तो एप्रिलमध्ये गेला.
सर्व्हरचं भाडं मे महिन्यात थांबलं असणार.
पत्ते रिकामे पडून राहत नाहीत,
कुणालातरी दिले जातात,
त्याला काय माहीत आधी तिथं कोण होतं.

मी बराच वेळ त्या शेऱ्याकडे पाहिलं.
त्याच्या आवाजात वाचला.
मग हात लावला.
पत्ता बदलला, माझ्या सर्व्हरचा लांब पत्ता घातला,
एकेक अक्षर दोनदा तपासून.
शेरा तसाच ठेवला.

दोन वाजून दहा मिनिटांनी कुलूप आलं.
एवढंसं. करडं.
अन्नेलीला उठवून दाखवावं असं वाटलं,
पण ती घोरत होती.

पहिला फोटो एन्डेलच्याच होडीचा निवडला.
उलटी केलेली, डांबर लावताना,
तिच्या तळाशी त्याचे दोन बूट.
चढव म्हटलं.
पट्टी अर्ध्यावर गेली, थांबली.
चारशे तेरा:
हे फार मोठं आहे.

बरं, म्हटलं.
किती मोठं चालेल, ते कुठल्या फाइलीत लिहितात
तेवढं सांग.