रुमालाखालची बोटं

उद्या अकरा वाजता. कुपवाड, एमआयडीसी, गेट नंबर दोन.
फाईल तीनदा लावली, तीनदा उपसली.
वर एम.कॉम.ची गुणपत्रिका ठेवायची की अनुभवाचा दाखला,
यावर आईचं आणि माझं एकमत नाही.
दाखल्यावर शेठजींच्या अंगठ्याएवढा पिवळा डाग आहे,
झेरॉक्समध्ये तो करडा आला
तेवढंच बरं.

नखं लिंबाने घासली, मग खोबरेलाने,
मग आईने सुचवलं म्हणून बेसनाने.
बेसनही पिवळंच, हे दोघींच्या उशिरा लक्षात आलं.
नऊ वर्षं मार्केट यार्डात पट्ट्या लिहिल्या.
पोती असतात खाली, मी असते वर,
तरी हळद येतेच जिन्याने,
कॅल्क्युलेटरच्या सातावर बसते,
डब्यातल्या भाताला विनाकारण रंग देते.
बसमध्ये कुणीतरी हात बघून विचारतं, लग्न कधी झालं?
मी म्हणते, रोज होतं.

"मी त्रिशला बाबगोंडा मगदूम."
आरशासमोर एवढं नीट जमतं.
पुढचं वाक्य उभंच राहत नाही.
पुराच्या रात्री तेवीस खातेवह्या डोक्यावरून
माळ्यावर नेल्या, हे सांगावं का?
अनुजा म्हणते, मावशी, लिही की,
क्रायसिस मॅनेजमेंट.
लिहिलं.
त्या शब्दांत पाणी कुठेच नाही.

आजीचा चष्मा नाकावर घेऊन
अनुजा मुलाखत घेते. पाय टेबलावर, हातात लाटणं.
"तुमचे दोन दोष सांगा."
स्वयंपाकघरातून आई:
"दोनच?"

"बरं. अपेक्षित पगार?"
मी म्हटलं, तुम्ही योग्य समजाल तो.

आण्णा इतका वेळ भिंतीकडे तोंड करून पडले होते.
उठून बसले.
"असं कोण इकतंय गं माल? हिकडं ये. हात दे."

खांद्यावरचा टॉवेल माझ्या मनगटावर टाकला,
आत त्यांचा डावा हात आला.
उजवा तीन वर्षांपूर्वी अर्धांगाने नेला,
त्याआधी त्याच हाताने यार्डात
कुणाकुणाच्या वर्षभराचे भाव ठरवले.
ऐकलं होतं मी, वरून दिसतं ते फडकं,
खालचं कधी हाताला लागलं नव्हतं.

"एक बोट म्हंजे दहा हजार. पेर म्हंजे निम्मं. सांग."
मी त्यांची दोन बोटं दाबली.
चेहऱ्यावर काही नाही.
टॉवेलखाली माझी तीन बोटं एकदम आवळली गेली,
मग चौथ्याचं एक पेर, हळूच,
शेंगदाणा तपासावा तसं.

"पस्तीस?" मी ओरडलेच.
मला चौदा मिळतात,
आणि हे त्यांना माहीत आहे,
दूधवाल्याचा हिशेब तेच ठेवतात.

"तोंडानं न्हाई," आण्णा म्हणाले.
"तोंडानं पाव्हण्यांची ख्यालीखुशाली इचारायची.
भाव हातानं बोलायचा."
आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

करड्या ड्रेसला इस्त्री झाली. फाईल उशाशी.
दाखला वर राहिला, शेवटी मीच जिंकले,
की आई कंटाळली, कोण जाणे.
चादरीखाली माझाच डावा हात
माझ्या उजव्याशी सौदा करतोय.
सव्वीस, अठ्ठावीस, पुन्हा सव्वीस,
एकतीसला येऊन अडलंय.

साडेअकरा झाले, झोपलीस का? आई विचारते.

तोंडानं मी म्हणते,
झोपले.