हद्दीचा दगड

फाटकाच्या डाव्या अंगाला, बाभळीखाली
एक दगड आहे, गुडघ्याएवढा.
त्यावर कंपनीची अक्षरं, निम्मी झिजलेली.
मी त्याला शेळी बांधते.
ड्युटी बारा तासांची. नांदेडकडची पॅसेंजर लेट असली
की दगडाशी बोलणंही होतं.

पूर्णेचे गयासोद्दीन सर, उर्दू शाळेतून रिटायर झालेले,
परवा फाटक बंद म्हणून सायकलवरून उतरले.
म्हणाले, बाई, तुमची शेळी सरहद्दीला बांधलीय.
अलीकडं निजाम.
पलीकडं रूळ, अन् रुळाच्या दोन्ही बाजूंची एवढीशी पट्टी, इंग्रजाची.
अख्ख्या मुलखातून दोरा ओवावा तशी.
दोऱ्यापुरता राजा वेगळा.

मग पिशवीतून कागद काढले.
एकावर तारीख तेरा खुर्दाद, तेराशे छत्तीस फसली.
दुसऱ्यावर एप्रिल, एकोणीसशे सत्तावीस.
दिवस एकच.

सटवाजी कऱ्हाळे, राहणार जवळच्याच वाडीचा.
म्हैस भुरी, दुसऱ्या वेताची, दावं तोडून पट्टीत शिरली.
कंपनीच्या चरात एप्रिलातही हिरवं राहायचं.
हा मागून धावला.
मालगाडीनं दोघांना घेतलं.
ड्रायव्हरनं शिट्टी दिली होती, ही नोंद दोनदा आहे.

प्रेत पडलं ते असं:
डोकं दगडाच्या अलीकडं, पाय पलीकडं.
अमीन घोडीवरून आला, रेल्वेचा जमादार ट्रॉलीवरून.
अमीन म्हणे, मरण रुळावर झालं, मयत तुमचं.
जमादार म्हणे, जीव डोक्यात असतो,
अन् डोकं तुमच्या सरकारात.
ऊन चढत गेलं. कुणीतरी धोतर टाकलं अंगावर,
तेही हद्दीवरून आडवंच पडलं असणार.

दोन पंचनामे झाले.
एक उर्दूत, एक इंग्रजीत.
ठकूबाई मराठीत रडली,
त्याचा कागद नाही.

नव्वद सालचा कायदा. सर बोट ठेवून सांगत होते,
कलम हे, कलम ते.
मला कलम म्हटलं की आधी आंबा आठवतो:
एका झाडाला दुसऱ्याची फांदी बांधायची,
वरून शेणमाती लिंपायची, अन् वाट पाहायची.

भरपाई उतारूला. सटवाजीकडं तिकीट नव्हतं.
विनापरवाना रुळावर येणं गुन्हा, दंड वीस रुपयांपर्यंत;
आरोपी मयत, सबब माफ.
पण जनावर हद्दीत शिरलं तर मालकाला
दर जनावरामागं पाच रुपये,
अन् मालक गेल्यावर मालकीण कोण, ते काही शोधावं लागलं नाही.
म्हैस तिच्या नावावर झाली ती मेल्यावर,
दंडासकट.

पाच रुपये कलदार.
तिच्या गाठोड्यात हाली.
सावकारानं बट्टा कापला,
पाचाचे सहा झाले.
पावती आहे, अंगठा आहे,
शाई अजून निळी.

मी विचारलं, पुढं काय झालं तिचं?
सर म्हणाले, पुढं कागद नाही.

तेवढ्यात स्टेशनातून फोन आला.
प्रायव्हेट नंबर घेतला, वहीत टाकला, वेळ टाकली, सही केली.
माझ्या सहीखाली उद्या कुणी बोट ठेवेल का,
असं उगाच आलं मनात.
गाडी गेली. फाटक उघडलं.
ट्रॅक्टर, तीन मोटारसायकली, ऊस,
अन् सर, पिशवी हँडलला अडकवून.

वळून बघते तर शेळी दोरी ताणून पलीकडं,
डोकं पट्टीत, पाय बाहेर.
पाच रुपये, मी तिला म्हणाले.
कलदार.
तिनं एक कान हलवला अन् चरत राहिली.