मानशीचं दार

लहान असताना बाबांना विचारलं होतं,
भरती आली की मानशीचं दार कोण लावतं?
म्हणाले, भरतीच.
सुकतीला आतलं पाणी फळ्या ढकलून बाहेर जातं,
मग खारं पाणी आत शिरायला बघतं
आणि स्वतःच्याच वजनानं
दार स्वतःवर लावून घेतं.

पंचवीस वर्षांनी, चोडणच्या पतसंस्थेत,
कुरकुरत्या पंख्याखाली
हळर्णकर मॅनेजरांना फायरवॉल म्हणजे काय
ते मी असंच सांगितलं.
त्यांनी मान डोलावली.
टेबलाच्या काचेखाली, कुलदेवतेच्या फोटोशेजारी
त्यांचा पासवर्ड:
लेकीचं नाव आणि एक दोन तीन.
काजूचा व्यापारी येतो, वाचतो.
चहावाला वाचतो.
लेक एकदा डबा घेऊन आली, तिनंही वाचला
आणि लाजली.

बांद लाटेनं फुटत नाही गो, बाबा म्हणायचे,
कुर्ली बीळ करते, बोटभर,
मग त्याच बिळातून दुसरी येते.
ते अनवाणी चालायचे बांदावरून,
टाचेला नको तिथे ओल लागली की थांबायचे,
चिखल, पेंढा, वर पाय.
न फुटलेल्या बांदाला
कुणी कधी हार घातला नाही.

माझा बांद म्हणजे तीन संगणक
आणि एक जुना सर्व्हर, ज्याच्यावर
कुणी ना कुणी पावाची पिशवी ठेवतं.
अपडेट टाकायला बसले की हळर्णकर म्हणत,
आज गर्दी आहे, उद्या कर.
ठीक आहे, उद्या.

चवथीच्या आधीचा शुक्रवार.
माटोळीच्या सामानासाठी पैसे काढायला
रांग जिन्यावरून खाली रस्त्यात.
तेवढ्यात मेल आला, वीजबिलाच्या नावानं,
थकबाकी भरा, नाहीतर संध्याकाळी कनेक्शन तोडू.
हळर्णकर घाबरले.
घाबरलेला माणूस बोटानं विचार करतो.

खाती होती तिथंच होती,
पण एकही अक्षर आमच्या गावचं उरलं नाही.
पडद्यावर खंडणीचा आकडा
आणि खाली उलटं चालणारं घड्याळ.

मी आधी वायर उपटली.
मग स्कूटरवरून घरी,
उकड्या तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून
डिस्क बाहेर काढली,
कशालाही न जोडलेली, म्हणून वाचलेली.
सगळं होतं तिच्यात,
शेवटचे अकरा दिवस सोडून.
ते अकरा दिवस
मीही उद्या म्हणत होते.

ते गावानं आणून दिले.
कुणाचं पासबुक तिरफळाच्या वासाचं,
कुणाचं उंदरानं कुरतडलेलं,
शाणू गांवसांचं तीन पिशव्यांत गुंडाळलेलं, कोरं करकरीत.
फिलोमेना सुंगटं विकून थेट आली,
बोटांना खवले, पासबुक दोन नखांत धरून.
म्हणाली, बाय, यात माझे दोनशे जास्त आहेत.
मंगळवारी काढले होते, तू लिहायला विसरलीस.
तिच्याकडे पासवर्ड नव्हता.
मला तो विचारावासाही वाटला नाही.

आता काचेखाली फोटोशेजारी
चौकोनी फिकट डाग आहे.
परवा हळर्णकर हळूच म्हणाले,
नवा पासवर्ड विसरलो, तुला ठाऊक असेल ना?
नाही, म्हटलं.
पहिल्यांदाच ते माझ्यावर चिडले
आणि मला बरं वाटलं.

संध्याकाळी घरी जाताना स्कूटर थांबवली.
पलीकडचं खाजन गेल्या वर्षी बुडालं,
कोळंबीसाठी कुणीतरी रात्री बांद फोडला.
बाहेरचा नव्हे. मानशीची किल्ली होती त्याच्याकडे.
बाबा गेल्यापासून इथून कुणी चालत नाही.
भरती लागत होती.
खाली अंधारात दार मिटलं, ढप्प,
पण पुरतं नाही, कुठूनतरी पाणी झिरपत होतं,
ऐकू येण्याइतकं.

मी चपला काढल्या.