पा. म्हणजे पाणी

माझं नाव उखर्डू.
माझ्याआधीची तीन गेली, म्हणून आईनं मला
जन्मल्या दिवशी उकिरड्यावर लोळवलं,
म्हणाली, हा तर केरात सापडला,
याला कोण नेणार.
मरणानं ऐकलं असावं.
मी एकाहत्तर वर्षांचा आहे.

अडावदला डॉक्टर नेहेत्यांकडे
एकतीस वर्षं कंपाउंडर होतो.
बाजाराच्या दिवशी रांग केळीच्या वखारीपर्यंत जायची.
निम्मी दुखणी बिननावाची:
जीव घाबरा होतो, डोक्यात मुंग्या,
रात्री कुणीतरी छातीवर बसतं.
डॉक्टर चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे.
तेवढंच. मी समजायचो.
उकळलेली काचेची सिरिंज, शुद्ध पाणी,
आणि रंगापुरते बी-ट्वेल्व्हचे दोन थेंब.

सुपडाबाई म्हणायची,
"लाल सुई दे रे भाऊ, धव्वी माले लागू पडत नही."
टोचून झालं की दाराशीच कंबर सरळ करायची,
"निंघी गया वाघ."
नवरा सुरतेला गेल्यापासून तिच्या कमरेत वाघ होता.
तो खरोखर जायचा. मी पाहिलंय.
खोटं सांगत नाही,
हे वाक्य माझ्या तोंडी शोभत नसलं तरी.

पाण्याचे तीन रुपये.
फुकट दिलं तर गुण येत नाही, डॉक्टर म्हणायचे.
यात औषध किती, धंदा किती,
मी विचारलं नाही. पगार वेळेवर होता.

पण एक वही ठेवली होती, त्यांना न सांगता.
ज्याला पाणी दिलं त्याच्या नावापुढे पा.
चौदाशे बारा वेळा
पा.

जामसिंग बारेला, वरून सातपुड्यातून पायी यायचा.
पोट दुखतं.
पा.
पोट दुखतं, पण कमी.
पा.
तिसऱ्या वेळी पैसे नव्हते, उधारीवर,
पा.
चौथ्या बाजाराला त्याचा भाऊ आला.
तीन रुपये मोजून टेबलावर ठेवले.
सुईनं बरं वाटतंय असं म्हणायचा, म्हणाला,
शेवटपर्यंत म्हणायचा.
मी पैसे गल्ल्यात टाकले.

आईनं खोटं सांगितलं ते मरणाला.
आम्ही माणसाला.

आता माझेच तळपाय रात्रभर पेटतात.
जळगावचे सगळे रिपोर्ट चांगले.
गोळी हातात घेतली की आधी ती सिरिंज दिसते,
वाफेनं धुरकटलेली,
आणि कुठलीच गोळी लागू पडत नाही.

नात तनुजा शिरपूरला फार्मसी शिकते.
काल तिनं तळहातावर एक पांढरी ठेवली.
"आजोबा, यात काही नाही. नुसती साखर."
"मग देतेस कशाला?"
"सांगून दिली तरी कधी कधी उतार पडतो म्हणतात.
पडेलच असं नाही."
"पैसे?"
ती हसली.

मग मी तिला वही दाखवली.
जामसिंगच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं,
त्यालाही असं सांगून दिलं असतं तर?
बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"आधी पोट तपासायचं होतं, आजोबा."

ती पाणी आणायला आत गेली.
शेवटच्या पानावर जागा होती.
उखर्डू, लिहिलं. पुढे पा.
आणि त्यापुढे, वहीत पहिल्यांदाच:
सांगून.

गोळी अजून डाव्या हातात आहे,
घामानं कडेला
विरघळायला लागलेली.