शून्याचं तिकीट

सेंट्रल स्टँडवर लाल गाड्या,
पाट्यांवरची अक्षरं गोल गोल,
तव्यावर उलटायची राहून गेलेली.
मुठीत लॉजवाल्यानं दिलेली चिठ्ठी:
वडगाव, विणकर गल्ली.

शेजारच्या बाईंना विचारलं, ही कुठं जाते?
"वडगावलाच की गे. चढ."
वाचता येतं तुम्हाला?
"मला? दोन्हीतलं एक बी नाही.
मागच्या दाराखाली पोचा बघ.
गोवावेसला बैलगाडी लागली,
त्या दिवशी मी आतच होते."

कंडक्टरनं तिचं आधार न बघताच
शून्य रुपयांचं तिकीट फाडलं.
माझं कार्ड नाशिकचं.
"चिल्लर कोडरी, बाई. बारा."
तिनं ते शून्य चौघडी करून
बटव्यात ठेवलं, विड्याच्या पानाशेजारी.

मी दुकानांच्या पाट्या वाचत गेले,
वरची ओळ सोडून
खालची, बारीक.
ती डोळे मिटून. शहापूरचं वळण आलं
तशी आधीच डावीकडं कलली.

"इळीरी," कंडक्टर ओरडला,
मग माझ्याकडं बघून हळू, "उतरा."

खाली पिशवी सावरत तिनं विचारलं,
"तुमच्याकडं कशी ओळखत्यात गाडी?"
नंबरावरून, म्हटलं.

"नुसत्या नंबरावरून?"