वाइंडिंगची वही

मे महिन्यात नागपुरात कूलर बंद पडला
की माणसं मयतीला निघाल्यासारखी येतात,
मोटर पोत्यात गुंडाळून.
पाचपावलीच्या पुलाखाली, दौलतराव परात्यांच्या दुकानात
मी तीन आठवडे नुसती पाहत बसले होते.

"पाय, असं. मंग असं. आलं का ध्यानात?"
तांब्याची तार खाचेत उतरायची, वळायची, परतायची.
नाही आलं.
काकांचे हात कोष्ट्याचे, पंचवीस वर्षं मागावर बसलेले.
माग मोडीत गेला, हात नाही गेले.
त्या हातांपुढे माझे डोळे
निरक्षर.

तशी मी लहानपणापासूनच.
आई पोळी लाटून दाखवायची,
माझ्या पोळीचा गोंदिया जिल्हा व्हायचा.
अक्षरं येईपर्यंत शाळेतून परतताना रोज चुकायची.
मग एक दिवस 'जैस्वाल किराणा' वाचता आलं,
त्याच्यापुढे 'येथे रजया भरून मिळतील',
मग 'थुंकू नये', आणि तिथून डावीकडे आमची गल्ली.
शहर मला पायांनी नाही, पाट्यांनी कळलं.
अजूनही कोणी "ते बघ, तिकडे" म्हणालं
की मी बोटाकडेच पाहत राहते.

चौथ्या आठवड्यात वही आणली. दोनशेपानी.
वर नाव: करुणा रामटेके.
"काहून लिहून राहिली वं? वहीनं मोटर फिरते का?"

मी लिहीत होते:
खाचा चोवीस. आधी जाड तार, मग बारीक.
कागदाची घडी, कड आतल्या अंगाला.
वेढे मोजताना बोलायचं नाही,
गिऱ्हाईक आलं तर नुसती मान हलवायची.
शेवटचं टोक काळ्या नळीत. लाल नळीत नाही.
'गुंडाळणे' लिहिलं. खोडलं.
'ओवणे' लिहिलं. तेही खोडलं.
'निजवणे'.
काका तार ओढत नाहीत, खाचेत निजवतात.
हा शब्द लागला त्याच संध्याकाळी
माझ्या बोटांना खाच सापडली.

कसं सांगू.
काही जण थेट पाण्यात उडी मारतात,
पोहणं म्हणतात त्याला, हे त्यांना मागाहून कळतं.
मला काठावर आधी एक शब्द लागतो,
चप्पल ठेवायला.

जूनच्या सुरुवातीला एका दुपारी लाइट गेली.
काका म्हणाले, "वाच तं खरं,
काय लिहिलं माह्याबद्दल."
त्यांना सहीपुरतंच येतं.
मी वाचत गेले. ते ऐकत होते, तोंडातली बिडी न पेटवता.
"कोपऱ्यातल्या खाचेशी आले की काका श्वास रोखतात."
"हट! मी कधी रोखला?"
"रोखता."
"खोटं लिहिलं वं. खोड ते."

मी खोडलं नाही.
लाइट आली. पीठगिरणीवाल्याची मोटर त्यांनी पुढ्यात ओढली,
पहिला वेढा, दुसरा, सातवा.
मी वेढे मोजत नव्हते.
त्यांच्या शर्टाचं दुसरं बटण पाहत होते,
वर जायचं, खाली यायचं.
कोपरा आला.
बटण थांबलं.

तार तशीच ताणलेली ठेवून
ते स्वतःच्या छातीकडे पाहत राहिले,
घरावर इतकी वर्षं लटकलेली पाटी
आज कोणीतरी वाचून दाखवावी, तसे.
तेवढ्यात वेढ्यांचा आकडा हुकला.
शिवी हासडली, मला नाही, आकड्याला,
आणि सगळी तार सोडवून पहिल्यापासून.

शटर ओढताना म्हणाले,
"उद्या ते पान आणखी एकडाव वाचजो.
अन् कंडेन्सरचं काय लिहिलं, तेबी."

कंडेन्सरचं मी काहीच लिहिलं नव्हतं.
पान उघडं होतं तीन दिवस.
शब्द मिळत नव्हता.